पावणं माइकवर बसल्यात

मी वायरलेसवर नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी सावरून बसतो. त्याला वाटतं, बाई पोलिसात होत्या. मग मी साखर कारखान्यात होते म्हटलं की तो पुन्हा टेकून बसतो आणि विचारतो, "कारखान्यात वायरलेस कशाला लागतो?"

कारखान्याचं नाव सांगत नाही. सोलापूरच्या दक्षिणेला, वळसंगच्या पुढं, एवढं पुरे. हंगाम सुरू झाला की तिथं एकच धसका असतो. गव्हाण रिकामी पडता कामा नये. गव्हाण म्हणजे उसाच्या मोळ्या जिथं पडतात आणि जिथून त्या पुढं चरकात जातात, ती. ती रिकामी राहिली की चरक थांबतो, आणि चरक थांबला की मोठ्या साहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे एकमेकांवर ओरडायला लागतात. ऊस मात्र चारी दिशांना पसरलेला. कुठं ट्रॅक्टर चिखलात रुतलाय, कुठं ऊसतोडीच्या टोळीतली माणसं कोयते घेऊन तयार आहेत पण ट्रॉलीच आलेली नाही. हे सगळं शेतकी विभागाच्या जीपा फिरून बघायच्या आणि गाडीतल्या वायरलेसवरून मला कळवायच्या. मी कारखान्यात मुख्य सेटसमोर बसून कुणाला कुठं पाठवायचं ते सांगायची.

"पण आता मोबाइल आहेत की!" हा दुसरा प्रश्न ठरलेला. आहेत. पण ओढ्याकाठच्या शिवारात रेंज नसते, आणि सीमेजवळ गेलं की फोन परस्पर कर्नाटकात जातो. शिवाय मोबाइलवर एक माणूस एकाशी बोलतो. वायरलेसवर एक बोलतो आणि सगळे ऐकतात. काम होतं ते त्यामुळंच, आणि घोटाळे होतात तेही त्यामुळंच.

मी राहायची सोलापुरात, बुधवार पेठेत. रोज कारखान्याच्या बसनं जायची. माझा आवाज खणखणीत म्हणून मला घेतलं होतं. पण खरं काम बोलण्याचं नव्हतंच. खरं काम होतं ड्रायव्हर लोकांना बोलायला शिकवण्याचं.

तुम्हाला वाटेल, त्यात काय शिकवायचं? माइक घ्यायचा, बटण दाबायचं, बोलायचं. पण बटण दाबल्याबरोबर बोललं तर पहिला शब्द हवेत जातो. "ट्रॅक्टर पाठवू नका" असं कुणी सांगितलं तर मला ऐकू येणार "पाठवू नका". काय पाठवू नका? ट्रॉली? टँकर? चहा? म्हणून बटण दाबून जरा थांबायचं. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरायचा, गिळायचा नाही. गाडी चालवताना लांबण लावायची नाही. लांब सांगायचं असेल तर कडेला थांबायचं. निरोप कळला की "रॉजर" म्हणायचं. बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं आणि बटण सोडायचं, कारण तुमचं बटण दाबलेलं आहे तोवर तुम्हाला कुणाचं ऐकू येत नाही आणि त्या चॅनेलवर दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही.

हे सगळं मी शिकवलं, आणि ते सगळ्यांनी आपापल्या परीनं समजून घेतलं. एकानं "ओव्हर" म्हणजे संपलं असं धरलं, आणि तो प्रत्येक वाक्यानंतर सेटच बंद करायचा. मल्लू म्हणून दुधनीकडचा एक ड्रायव्हर होता, चांगला मुलगा, घरी कन्नड बोलणारा. त्यानं पंधरवडाभर ऐकून घेतलं आणि एक दिवस हळूच विचारलं, "अक्का, हा रॉजर कोन हाय? सगळे त्याला हाक मारत्यात, पन तो एकदा पन बोलत न्हाय." तेव्हापासून मी रॉजर बंद करून "समजलं" सुरू केलं.

आणि महादेव मामा. जीप नंबर तीन.

महादेव मामा वळसंगचे. पन्नाशी ओलांडलेली, भरघोस मिशी, गाडीवर हात बसलेला. पण वायरलेसशी त्यांचं वैर. जीपच्या अँटेनावर ते ओला टॉवेल वाळत घालायचे. मी म्हटलं, "मामा, त्यानं आवाज लांब जात नाही." तर म्हणाले, "अक्का, आवाज तुमाला पायजे, टावेल मला पायजे. दोगांचं बी भागू द्या की." डॅशबोर्डवर माइक अडकवायचा हूक असतो. तो त्यांच्या हातून मोडला. नवा बसवून घ्या असं मी दर आठवड्याला सांगत होते. तोवर माइक शेजारच्या सीटवर पडलेला असायचा. "हितं कोन बसतंय?" असं त्यांचं उत्तर.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. कुणी चुकून बटण दाबून धरलं तर काय, यावर सेट बनवणाऱ्यांनी उपाय करून ठेवलेला असतो. ठरावीक वेळ झाली की सेट आपोआप गप्प होतो. त्याला आम्ही टायमर म्हणायचो. पण आमच्या शेतकी साहेबांना रोज सकाळी सगळ्या गाड्यांना उद्देशून चार शब्द बोलायची सवय होती. चार म्हणायचं, इतकंच. "शिस्त ही माणसाच्या अंगी…" इथवर आलं की टायमर त्यांना तोडायचा. ड्रायव्हर लोक हसतात हे साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी सोलापूरहून मेकॅनिक बोलावला आणि सगळ्या सेटमधला टायमर काढून टाकायला लावला. मी म्हटलं, "साहेब, ती सुरक्षेची सोय आहे." साहेब म्हणाले, "माझी माणसं शिस्तीची आहेत."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती दुपार आली.

माझ्या खोलीला लागून काट्याची खोली होती. ट्रॉलीचं वजन होतं तो काटा. मध्ये एक खिडकी. तिकडं सुवर्णा बसायची, महादेव मामांची मुलगी. बी.कॉम. झालेली, हिशोबी आणि कमी बोलणारी. तिच्या टेबलावरही एक सेट होता. जेवणं नुकतीच आटोपली होती आणि माझ्या सेटवर इंजिनाची घरघर सुरू झाली. घरघर थांबेना. मग त्यात एक जाड आवाज आला.

"गाडी लई भारी हाय की तुमची."

आणि पाठोपाठ महादेव मामांचा आवाज. "गाडी कारखान्याची. पन माज्याबिगर हिला कोन हात लावत न्हाय. ट्रान्स्पोर्टचा इनचार्ज हाय न्हवं मी."

मी बटण दाबून म्हटलं, "जीप तीन, जीप तीन, तुमचा माइक सोडा." अर्थातच उपयोग झाला नाही. त्यांचं बटण दाबलेलं. त्यांना माझं ऐकू कसं येणार?

खिडकीतून सुवर्णाचा चेहरा दिसला. पांढरा पडलेला. "अक्का," ती म्हणाली, "ते सिद्रामप्पा असणार. अक्कलकोटकडचे. मला बघायला यायचे आहेत. आधी आप्पांना एकटे भेटणार होते."

मी सगळं समजले. मामांनी होणाऱ्या व्याह्यांना स्टँडवरून जीपमध्ये घेतलं होतं. गाडीत बाहेरचा माणूस घ्यायचा नाही हा नियम तर मोडलाच होता, वर सिद्रामप्पा अंगानं भक्कम. ते शेजारच्या सीटवर बसले होते, म्हणजे नेमके माइकवर. आता ते उठेपर्यंत आमचा चॅनेल त्यांच्याखाली.

"मुलगा काय करतोय म्हनला?" मामांनी विचारलं.

"पुण्याला हाय. मोठ्या कंपनीत. इंजिनियर," जाड आवाज म्हणाला. "त्याच्या सहीबिगर मशिन चालू होत न्हाय."

"आमचं बी तसंच. आमचं साहेब मान हलवायची झाली तरी आदी मला इचारत्यात."

याच क्षणी शेतकी साहेब माझ्या दारात उभे होते. त्यांच्या केबिनमध्येही सेट होता, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. साहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि मामांना लावला. मामांचा फोन वाजलेला आम्हाला सेटवर ऐकू आला. देवीच्या आरतीची धून. मग मामांचा आवाज:

"हे बगा, साहेबाचाच फोन. जरा निवांत बसू देत न्हाय." आणि धून बंद. फोन कट. "आन् एक गंमत बगा. आज सेटवर कोन चकार शब्द काडत न्हाय. मी गाडीत हाय म्हनल्यावर सगळे वचकून असत्यात."

साहेब माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले. मला हसू आवरेना, म्हणून मी सेटकडं वळले. आणि तेव्हा मला भीती वाटायला लागली. एक चॅनेल बंद म्हणजे सगळ्या शिवारात जीपा, टँकर, सगळे मुके झाले होते. कुणाला काही झालं तर सांगणार कसं? दुसरा चॅनेल होता. पण सगळ्यांनी दुसऱ्यावर या हे सांगायलाही पहिलाच लागत होता. एखाद्याला तरी सुचेल म्हणून मी माझा सेट दुसऱ्या चॅनेलवर फिरवला. पहिला चॅनेल काट्याच्या सेटवर चालूच होता.

दुसऱ्यावर आधी नुसती खरखर. मग एक आवाज, घाईचा, तुटका.

"अक्का! बेंकी! अक्का, बेंकी!"

मल्लू. घाबरला की त्याचं मराठी पळून जायचं. बेंकी म्हणजे आग.

"मल्लू, थांब. श्वास घे. कुठं आहे आग?"

"वळसंगच्या खाली, ओढ्याकडं. ऊस पेटलाय. वारं कोप्यांकडं हाय, अक्का. टोळी लांब तोडायला गेलीय. कोप्यात लेकरं हायत, म्हाताऱ्या हायत. मी एकटा. फोन लागत न्हाय."

कोप्या म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या झोपड्या. एक ठिणगी पुरते.

"तू लोकांना बाहेर काढायला लाग. टँकर पाठवते," मी म्हटलं. पण कशी पाठवणार? पाण्याचा टँकर त्याच बाजूला उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर पहिल्या चॅनेलवर मजेत मामांचं लग्नाचं बोलणं ऐकत बसला असणार. त्याचा फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. साहेबांनी इतर जीपांना फोन लावले. एक लागला, तो जीपवाला पार दुसऱ्या टोकाला.

"महादेवला गाठा," साहेब म्हणाले. "कुठंही असो."

मी पुन्हा मामांना फोन लावला. फोन बंद. व्याह्यांसमोर निवांत बसता यावं म्हणून त्यांनी तो बंदच केला होता.

काट्याच्या खोलीत सुवर्णा सेटला कान लावून उभी होती. मी आत गेले. सेटवर आता इंजिन थांबलेलं होतं, बाहेरून भांड्यांचा आवाज येत होता, आणि मामा जीपमध्ये बसूनच बोलत होते. पण स्वर बदललेला होता. मघाचा फुशारकीचा नव्हता.

"पोरीचं खरं सांगू का? मी हिची शाळा सोडवनार हुतो. धाव्वीत बास म्हनलो. ही काय बोलली न्हाय. सकाळी उटली, डबा भरला, गेली. मी सायकल लपवून ठिवली. तर चालत गेली. परत आली तवा पायाला फोड. तरी काय बोलली न्हाय. तवाच मला कळलं बगा, ही माज्यापेक्षा वरचढ हाय. आता काट्यावर बसती. ट्रॅक्टरवालं वराडत येत्यात, ही नुसती मान वर करून बगती, की गप. मला लई बरं वाटतं. पन तिला कदी बोललो न्हाय."

"का वो?"

"कसं बोलायचं?"

सुवर्णाचे डोळे भरले होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "सुवर्णा, आग लागलीय. यांना गाठायला हवं. हे कुठं आहेत?"

तिनं पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात सेटवर तिसरा आवाज आला. "मामा, पावण्यांना स्पेशल आनू का साधा?"

"ईरण्णा!" सुवर्णा ओरडली. "वळसंगच्या स्टँडजवळचं हॉटेल. नंबर आहे माझ्याकडं."

तिनं फोन लावला. पुढचं सगळं साहेबांसकट आम्ही तिघांनी सेटवर ऐकलं. लांबवर हॉटेलात फोन वाजला. सुवर्णा फोनवर भराभर बोलली. मग सेटवर चपलांचा आवाज जवळ जवळ येत गेला, आणि ईरण्णा म्हणाला:

"मामा, फॅक्टरीतनं फोन हाय. पावणं माइकवर बसल्यात म्हनं."

"कशावर?"

"माइकवर. मगापासनं सगळी फॅक्टरी ऐकायलीय."

सीट करकरली. आणि चॅनेल मोकळा झाला.

मी माझ्या सेटकडं धावले, तो पुन्हा पहिल्या चॅनेलवर घेतला. बटण दाबलं. आणि इतकी घाई असूनही आधी जरा थांबले, मगच बोलले. "सर्व गाड्या, कुणी बोलू नका. वळसंगच्या खाली ओढ्याकडं ऊस पेटलाय. टँकर, तिकडं निघा. जीप तीन, तुम्ही सगळ्यांत जवळ आहात. कोप्यांतली लेकरं आणि म्हाताऱ्या बाहेर काढा. मल्लू तिथं आहे. ओव्हर."

"टँकर निघाला."

मग मामांचा आवाज, बारीक झालेला. "जीप तीन. समजलं. निगालो. ओव्हर." त्यांच्या सगळ्या नोकरीतला हा पहिला बिनचूक निरोप.

पुढचं मला मल्लूनं नंतर सांगितलं. जीप कोप्यांशी थांबली तेव्हा धुरानं काही दिसत नव्हतं. मामा एका कोपीत घुसले. सिद्रामप्पा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत खाली उतरले, आणि मल्लूला वाटलं, आता हे रस्त्यावर उभं राहून बघणार. तर त्यांनी धोतर वर खोचलं आणि दुसऱ्या कोपीत शिरले. बाहेर आले तेव्हा एका काखेत पोर होतं आणि दुसऱ्या काखेत कोंबडी. एक म्हातारी कोंबड्या सोडून यायला तयार नव्हती, म्हणून त्यांनी तिला शब्द दिला होता. शब्द पाळायला ते तीनदा आत गेले. टँकर आला. कडेच्या तीन कोप्या जळाल्या. माणूस एकही भाजला नाही. कोंबडी एक कमी भरली, असं म्हातारीचं म्हणणं, पण ती पुढं उसात सापडली.

इकडं मी सेटसमोर बसून होते. टोळीला गोळा करून आणायची सोय लावत होते. तेवढ्यात जीप तीनवरून बटण दाबल्याची टिकटिक आली, नीट थांबून, आणि जाड आवाज बोलला.

"मी सिद्रामप्पा बोलतोय. सगळ्यांनी ऐकलंय म्हनं, तर दुरुस्ती पन सगळ्यांनी ऐका. माझा मुलगा पुण्यात न्हाय. इंजिनियर न्हाय. दुधनीत पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करतोय. काम चांगलं हाय. बाकी पोरीकडनं नकार आला तरी माझी तक्रार न्हाय. ओव्हर."

खासगी बोलायला वायरलेस वापरायचा नाही हा नियम मीच भिंतीवर लावला होता. मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी खिडकीकडं बघितलं.

मग काट्याच्या खोलीतून, अगदी सरळ स्वरात, उत्तर गेलं.

"काटा ऐकतोय. समजलं. ओव्हर."

टँकरवाल्यानं हॉर्न वाजवला. मल्लू म्हणे जीपच्या बॉनेटवर बसून हसत होता.

साहेबांनी मामांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. मी तिथंच होते. साहेब फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "या महादेव. कालपासून मान हलवलेली नाही. तुमचीच वाट बघतोय." मामा जमिनीकडं बघत उभे. मेमो मिळाला; बाहेरचा माणूस गाडीत घेतल्याबद्दल. आगीतून माणसं काढल्याबद्दल चांगला शेराही त्याच कागदावर मिळाला, त्यामुळं मामांना तो फाडावा की जपावा हे बरेच दिवस ठरवता आलं नाही. त्याच आठवड्यात मेकॅनिक आला आणि सगळ्या सेटमधला टायमर पुन्हा चालू झाला. साहेबांनीच बोलावला होता. त्यांचं सकाळचं बोलणं पुन्हा "शिस्त ही माणसाच्या अंगी" इथं तुटायला लागलं. त्याचं कुणी दुःख केलं नाही. आणि चॅनेल अडकला की न विचारता दुसऱ्यावर जायचं, हा नियम मल्लूच्या नावानं रूढ झाला.

लग्नाचं म्हणाल तर सुवर्णानं मुलाला स्वतः भेटायचं ठरवलं. पहिलाच प्रश्न तिनं विचारला तो, "तुमच्या सहीशिवाय मशिन चालू होत नाही का?" तो म्हणाला, "सही केली तरी होत नाही. तारा गुंडाळायला लागतात." ती हसत परत आली. हंगाम आटोपल्यावर लग्न झालं. आता दुधनीत त्याच्या दुकानाचा हिशोब ती बघते, आणि ओरडत येणारी गिऱ्हाइकं गप्प होतात असं मी ऐकते.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते संध्याकाळचं. बसला अजून वेळ होता. मामा जीप लावून आले, अंगभर काजळी, मिशी एका बाजूनं होरपळलेली. काट्याच्या खोलीत जायची त्यांची छाती होईना. माझ्या खोलीत उगाच उभे राहिले, म्हणाले, "अक्का, हूक कुटं मिळंल?" मी खिडकीकडं बोट दाखवलं. सुवर्णा बघत होती.

ती उठली, माझ्या खोलीत आली, थर्मासमधला चहा कपात ओतून त्यांच्या हातात दिला. मी कागद आवरायचं नाटक करत होते.

"काय काय ऐकलंस?" मामांनी शेवटी विचारलं.

"सगळं."

मामांनी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"एवढं चांगलं बोलता येतं," सुवर्णा म्हणाली, "तर घरी का बोलत नाही, आप्पा?"

मामांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "घरी तू समोर असतीस की."